व्हाळाकाठची रात्र : झोळी कोठे बांधावी?

डिसेंबर जवळ आला आणि शाळांना सुट्टी लागली की आपल्या बेटावरील निम्मे लोक समुद्राकडे धाव घेतात. फ्लिक-आं-फ्लाकला सुरूच्या झाडांखाली तंबू ठोकायला जागा उरत नाही, रात्रभर गाणीबजावणी चालते आणि सकाळी माणसे गेली होती त्याहून अधिक थकून घरी परततात. आमच्या घराचा नाद थोडा निराळा आहे. उन्हाळ्यातील एक रात्र आम्ही ब्लॅक रिव्हरकडील डोंगराच्या पायथ्याशी, एका व्हाळाकाठी, झाडांना झोळ्या बांधून काढतो. पाठीवर सामान, दीड तासाची चाल, रात्रीचा मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाला घरी, एवढाच हा कार्यक्रम. पाव्हण्यारावळ्यांत ही गोष्ट पसरल्यापासून आम्हांला वारंवार विचारले जाते, की झोळी कसली घ्यावी, किती किमतीची घ्यावी, कोठून घ्यावी. खरे सांगायचे तर हा प्रश्न दुय्यम आहे. झोळी कोणतीही चालते. ती कोठे बांधायची हा खरा प्रश्न असून त्याचे उत्तर आम्ही एका रात्री फार महागात शिकलो.

‘व्हाळ’ हा शब्द वाचून तरुण वाचक थबकतील. क्रिओलमध्ये ज्याला आपण रुइसो म्हणतो तोच हा. रत्नागिरीकडून आलेल्या आमच्या पूर्वजांच्या तोंडी ओढ्याला व्हाळ हा शब्द होता आणि आमच्या काकींच्या तोंडी तो आजही आहे. हॅमॉकलाही काकी झोळीच म्हणतात. त्यांच्या आईने उसाच्या शेताच्या कडेला झाडाच्या फांदीला जुने लुगडे बांधून त्यात त्यांना निजवले होते, हे त्या प्रत्येक सहलीत एकदा तरी सांगतात. कोलंबसाने १४९२ मध्ये कॅरिबियन बेटांवर लोकांना जाळीच्या झोळीत निजताना पाहिले आणि तेथूनच हा प्रकार युरोपच्या जहाजांवर गेला, असे आमच्या पुतण्याने एकदा ऐकवले. त्यावर काकी म्हणाल्या, “मग त्याला आमच्याकडे येऊन विचारायचं होतं.”

आता ती रात्र. २०२२ सालचा डिसेंबर महिना होता. आम्ही नऊ जण होतो : काका, काकी, आम्ही दोघे, दोन पुतणे आणि तीन मुले. संध्याकाळी पाचच्या सुमारास व्हाळाशी पोहोचलो. आकाश स्वच्छ होते. पाणी घोट्याएवढे, काचेसारखे. काठाशीच गुळगुळीत गोट्यांचा एक सपाट पट्टा होता, त्याच्या दोन्ही अंगांना जोमदार झाडे. झोळ्यांसाठी जणू कोणी मुद्दाम मांडून ठेवलेली जागा. झोळीतून हात खाली सोडला की बोटे पाण्याला लागावीत! मुलांनी लगेच पिशव्या टाकल्या.

काकी मात्र उभ्याच राहिल्या. त्यांनी पायाने एक गोटा हलवला आणि विचारले, “हे धोंडे इथे कोणी आणून ठेवले रे?”

आम्ही हसलो. काका हसले नाहीत. पण काकींच्या म्हणण्यापेक्षा घरातील शांतता राखण्याचाच विचार त्यांनी केला असावा. त्यांनी झोळ्या सोडायला लावल्या आणि पंधरावीस पावले वर, उतारावरच्या दोन मोठ्या आंब्यांकडे व जांभळीकडे हलवल्या. थोरल्या पुतण्याची झोळी तेवढी खालीच राहिली. तो त्या वेळी एकवीस वर्षांचा होता, त्याने दोरी पक्की बांधली होती आणि आता पुन्हा सोडण्याची त्याची तयारी नव्हती. स्वयंपाकाचे सामानही पाण्याजवळ बरे म्हणून तेथेच ठेवले.

रात्री अडीचच्या सुमारास काकांना जाग आली. पुढे त्यांनी सांगितले, की आवाज वाढला म्हणून नव्हे तर आवाज बदलला म्हणून ते उठले. झुळझुळ थांबून खालच्या पट्टीतली घरघर सुरू झाली होती, दगडावर दगड घासल्यासारखी, आणि वाऱ्याबरोबर चिखलाचा वास येत होता. त्यांनी विजेरी मारली. ज्या धोंड्यावर बसून आम्ही संध्याकाळी चहा घेतला तो दिसेना. पाणी तांबूस, फेसाळ आणि पुतण्याच्या झोळीला खालून लागलेले.

तो जागा झाला होता, पण डासांच्या जाळीची चेन त्याला अंधारात सापडत नव्हती. काका आणि धाकटा पुतण्या एकमेकांचा हात धरून गुडघाभर पाण्यात उतरले. झोळीची गाठ निरगाठ होती. ओझ्याने आवळलेली, पाण्याने फुगलेली, ती सुटणे शक्यच नव्हते. काकांनी खिशातील चाकूने आधी जाळी फाडली. पोरगा बाहेर आला. मग सगळे वर आले आणि आम्ही सर्व जण पहाटेपर्यंत आंब्याच्या बुंध्याशी बसून राहिलो. कोणी फारसे बोलले नाही.

सकाळी सात वाजता पाणी उतरून नडगीएवढे झाले होते. पातेली, चुलीचा डबा, तीन जोड बूट आणि पुतण्याची झोळी गेली होती. आमच्या अंगावर त्या रात्री पावसाचा एक थेंबही पडला नव्हता.

हेच वाचकांना प्रथम कळले पाहिजे. आपल्या बेटाचा पश्चिम किनारा कोरडा आहे. तेथे वर्षाला सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. मधल्या पठारावर मात्र तो ४,००० मिलिमीटरपर्यंत जातो. पश्चिमेला वाहणाऱ्या व्हाळांचे पाणी येते या पठाराच्या कडांवरून. म्हणजे आपण ज्या आकाशाखाली झोपलो आहोत त्याचा आणि आपल्या उशाशी वाहणाऱ्या पाण्याचा संबंध असेलच असे नाही. क्युरपीपच्या बाजूला दोन तास पाऊस कोसळला तर खाली चांदण्यातही लोंढा येऊ शकतो. त्यात आपले बेट लहान. सर्वांत उंच शिखर पितों द ला पेतित रिव्हिएर न्वार, ते ८२८ मीटरचे, आणि तेथून समुद्र काही किलोमीटरांवर. भारतातील मोठ्या नद्यांना पूर येतो तेव्हा खालच्या गावांना दिवसदिवस आधी कळते. आपल्याकडे डोंगरावरचे पाणी पायथ्याशी यायला तासही लागत नाही. ३० मार्च २०१३ रोजी पोर्ट लुईत दोन तासांच्या आत दीडशे मिलिमीटर पाऊस झाला आणि ११ माणसे गेली, ते राजधानीच्या भर वस्तीत, दिवसाउजेडी. तेव्हा रानातील व्हाळाची कथा काय सांगावी!

तरीही आमचा अनुभव ऐकून कोणी व्हाळाकाठी जाऊच नये असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. उलट, अशा जागी झोळीसारखे दुसरे अंथरूण नाही. तंबूला सपाट जमीन लागते, आणि व्हाळाकाठी सपाट जमीन म्हटली की ती बहुधा पाण्यानेच सपाट केलेली असते. झोळीला जमीन लागतच नाही. उतार असो, मुळे असोत, दगड असोत, दोन झाडे मिळाली की झाले. तेव्हा पाण्यापासून दूर, उंचावर, तिरप्या जमिनीवर सुखाने झोपण्याची सोय ज्या साधनाने होते, ते घेऊन नेमके पाण्याच्या कडेला जाऊन निजायचे, हा आमचा मूर्खपणा होता.

जागा पाहायची ती अशी. पाण्याकडे पाठ करावी आणि झाडांच्या बुंध्यांकडे नीट पाहावे. बुंध्यात वरच्या अंगाने अडकलेला वाळका पाला, काटक्या, प्लॅस्टिकचे तुकडे दिसतात का? दिसले तर तेथवर पाणी आलेले आहे. गेल्या वर्षी की दहा वर्षांपूर्वी, हे विचारत बसू नये. खोडांवर एका उंचीपर्यंत चिखलाचा फिका पट्टा असतो, तोही तेच सांगतो. गवत एकाच दिशेला निजलेले असेल, गोटे गुळगुळीत असतील, बारीक वाळू पसरलेली असेल, तर ती व्हाळाचीच जागा समजावी, आज तो तेथे नसला तरी. या सर्व खुणांच्या वर, उभ्या माणसाच्या दीड उंचीइतके आणखी चढावे आणि मग झाडे शोधावीत. शिवाय दोन फाट्यांच्या मधल्या बेटासारख्या जागेवर कधीही मुक्काम करू नये. पाणी वाढले की परतीची वाट आधी तुटते. पाण्याला एका माणसाने पाठ टेकून बसावे असा एखादा ठळक धोंडा संध्याकाळी पाहून ठेवावा आणि रात्री जो कोणी उठेल त्याने विजेरीने तो धोंडा पाहावा. आम्ही आता असे करतो.

किती दूर जावे याला आपल्या कायद्यातही एक माप सापडते. १९८३ च्या वनविषयक कायद्याने नदीच्या काठापासून १६ मीटर, रिव्ह्युलेटपासून ८ मीटर आणि लहान फीडरपासून ३ मीटर पट्टा राखीव ठरवला आहे, तेथील झाडे काठ धरून राहावीत म्हणून. तो नियम मुक्कामासाठी केलेला नाही हे खरे. पण आम्ही लहानशा व्हाळालाही नदीचेच सोळा मीटर लावतो, म्हणजे मोठी वीस-बावीस पावले, आणि त्यात चढ असलाच पाहिजे असा आग्रह धरतो. सपाटीवरची शंभर पावलेही उपयोगाची नाहीत.

झाडांबद्दल. आंबा, जांभूळ ज्याला आपण जांब्लों म्हणतो ते, आणि जुनी लिची, ही उत्तम. झामरोझा व्हाळाकाठी पुष्कळ, पण त्याचे एकच खोड जाड सापडणे कठीण; सापडले तर घ्यावे. गोयाव्ह-द-शिनच्या काठ्या बाराही महिने डोळ्यांपुढे असतात आणि मुलांना मोह होतो, पण त्या वाकतात. राव्हेनालला बांधूच नये. तो झाडासारखा दिसतो एवढेच. निलगिरीच्या फांद्या वारा नसतानाही अवचित तुटून पडतात, म्हणून तिच्या खाली झोपणेही नको. खोड माणसाच्या मांडीएवढे तरी जाड असावे. बांधण्यापूर्वी वर पाहावे. वाळकी फांदी लोंबत असेल तर पुढचे झाड गाठावे. आणि पानांच्या आड मुश-जोनचे पोळे नाही ना, हे काठी न मारता नुसत्या डोळ्यांनी पाहावे. या पिवळ्या गांधीलमाश्यांनी आमच्या धाकट्या मुलाची जी अवस्था केली होती ती त्याच्या आजीसमोर अजून काढता येत नाही.

दोन झाडांमधील अंतर चार ते पाच मीटर ठीक. झाडाला दोरी बांधू नये, रुंद पट्टा बांधावा; निदान दोन इंच रुंद. दोरी साल कापते आणि साल कापली की झाड मरते. आपण एक रात्र निजणार, झाड तेथे पन्नास वर्षे उभे आहे, एवढे भान असावे.

आता ताणाविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण नव्वद टक्के माणसे येथेच चुकतात. झोळी ताठ बांधली की सरळ झोपता येईल, असे सर्वांना वाटते. प्रत्यक्षात उलटे होते. पट्टा झाडापासून खाली उतरताना आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन झाला, तर ७० किलो वजनाच्या माणसाने प्रत्येक पट्ट्यावर पडणारा ताण ७० किलोचाच असतो. कोन पंधरा अंशांवर आणला की तोच ताण १३५ किलोच्या आसपास जातो, आणि दहा अंशांवर २०० किलो. माणूस तोच, झोळी तीच. फक्त ताठपणाने पट्ट्यावर तीन माणसे टांगल्यासारखे होते. मग मध्यरात्री शिवण उसवते आणि दोष दुकानदाराला दिला जातो! तीस अंश मोजायला कोनमापक नको. अंगठा वर आणि तर्जनी समोर धरून बंदुकीसारखा हात करावा. तर्जनीच्या टोकापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत जी तिरपी रेषा कल्पनेने दिसते, ती साधारण तेवढीच. पट्टा त्या रेषेला जुळावा. झोळी सैल, केळ्यासारखी वाकलेली दिसेल, दिसू द्यावी. तीत सरळ न निजता तिरपे निजावे, डोके मध्यरेषेच्या एका अंगाला, पाय दुसऱ्या अंगाला. मग पाठ सपाट होते. काकांना कंबरेचा त्रास आहे. घरच्या पलंगापेक्षा त्यांना येथे बरी झोप लागते, असे ते म्हणतात. बसलेल्या माणसाचे पाय जमिनीला टेकावेत एवढ्याच उंचीवर झोळी असावी. उंच बांधण्यात शौर्य नाही.

गाठीचे मात्र आमच्या घरी आता एकच चालते. शेवटची गाठ सुरगाठ. टोक ओढले की सुटली पाहिजे. बांधून झाल्यावर काका प्रत्येकाला डोळे मिटून आपली गाठ सोडायला आणि जाळीची चेन उघडायला लावतात. मुलांना तो खेळ वाटतो. वाटू द्यावा.

वर ताडपत्री, म्हणजे आपली बाश, झोळीपेक्षा हातभर लांब. पाऊस आला की पाणी पट्ट्यावरून ओघळत झोळीत येते. म्हणून ताडपत्रीच्या छायेतच पट्ट्याला एक सुताचा तुकडा बांधून लोंबता ठेवावा, थेंब त्यावरून खाली जातात. आणि उन्हाळा आहे म्हणून पांघरूण नको, असे समजू नये. हवा झोळीच्या खालूनही वाहते, व्हाळाकाठची पहाट गार असते आणि पाठ आधी थंड होते. पांघरूण वरून कितीही घ्या, खालून काही घातल्याशिवाय भागत नाही. महागडी साधने मिळतात. काकींची पातळ गोधडी तेच काम करते.

केव्हा जावे? आमच्या मते नोव्हेंबरचा शेवट ते डिसेंबरचा मध्य. तोवर हवा तापलेली असते, लिच्या पिकलेल्या असतात, फ्लांब्वायां लाल झालेले असतात आणि पावसाचा खरा जोर सुरू व्हायचा असतो. फेब्रुवारी आणि मार्च हे वर्षातील सर्वांत ओले महिने. त्या दिवसांत व्हाळाकाठी रात्र काढण्याचा विचारही नको. काकी पंचांग काढून अमावस्या टाळतात. आम्ही हवामान खात्याचे पत्रक पाहतो. दोन्ही जुळले तर निघतो. वादळाचा कोणताही क्लास लागलेला असो, मुसळधार पावसाचा इशारा असो, किंवा पठारावर नुसते गडगडाटी ढग जमण्याचा अंदाज असो, सहल रद्द. पुढे ढकलायची नाही, रद्द. कारण पुढे ढकललेल्या सहलीला माणसे हट्टाने जातात. दरीत मोबाईलला बहुधा रेंज मिळत नाही, तेव्हा घरून कोणी कळवील या भरवशावर राहता येत नाही. लहानसा रेडिओ बरोबर असावा. आम्ही तो संध्याकाळी आणि झोपण्यापूर्वी लावतो.

परवानगी हा विषय थोडक्यात. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे १९९४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. दिवसा तेथील पाऊलवाटांनी जरूर हिंडावे. रात्रीच्या मुक्कामाचे मनाने ठरवू नये, आधी उद्यानाच्या कार्यालयात जाऊन विचारावे. आम्ही जातो ती जागा एका परिचित गृहस्थांच्या खाजगी जमिनीवर आहे. हिवाळ्यात तेथे हरणांची शिकार चालते, उन्हाळ्यात रान मोकळे असते. मालकांच्या दोनच अटी आहेत : उघड्यावर विस्तव करायचा नाही आणि जागेचे नाव कोणाला सांगायचे नाही. दुसरी अट आम्ही येथे पाळतो आहोत, वाचकांनी राग मानू नये. पहिली अट शहाणपणाची आहे. ऑक्टोबर हा आपला सर्वांत कोरडा महिना, त्यानंतर लगेच गवत काडीपेटीची वाटच पाहत असते. लहान गॅसची शेगडी पुरते.

आमचे पूर्वज कोकणातून आले तेव्हा रात्री रानात पाऊल टाकताना फुरशाची भीती मनात घेऊन आले असतील. येथे विषारी साप नाहीत, हे या बेटाचे मोठे देणे. रात्री झोळीखाली खसखस ऐकू आली तर तो तांग असतो. हिवाळा निजून काढलेला हा प्राणी उन्हाळ्यात भुकेला हिंडतो. वर फडफड आणि भांडण ऐकू आले तर वटवाघळे. मुलांना हे आधी सांगून ठेवले की ती घाबरत नाहीत, उलट वाट पाहतात. सां-प्ये मात्र जपावा. बूट रात्री झोळीच्या दोरीला उलटे टांगावेत आणि सकाळी झटकून घालावेत.

खरी भीती डोळ्यांना न दिसणाऱ्यांची. डासांनी २००५-०६ मध्ये चिकुनगुन्याने या बेटाला काय सोसायला लावले ते पुष्कळांच्या सांध्यांना अजून आठवत असेल. २०२५ मध्ये तो पुन्हा आला. तेव्हा जाळी हवीच, शिवाय हे डास दिवसाही चावतात म्हणून संध्याकाळपूर्वीच लांब बाह्यांचे कपडे. दुसरे म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या मुतातून हे जंतू पाण्यात आणि चिखलात जातात, आणि आपल्या अंगावरच्या जखमेतून किंवा डोळ्यातोंडातून आत शिरतात. पायाला खरचटलेले असेल तर व्हाळात उतरू नये, पाणी कितीही नितळ असो. पाऊस पडून गढूळ झाले असेल तर कोणीच उतरू नये. सहलीनंतर दोनतीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर डॉक्टरांना ‘आम्ही व्हाळात होतो’ हे आपण होऊन सांगावे. ते विचारतीलच असे नाही. व्हाळाचे पाणी प्यायचे तर खळखळ उकळून. आम्ही प्यायचे पाणी माणशी तीन लिटर घरूनच नेतो आणि सामानात तेच सर्वांत जड.

बाकी सामानाबद्दल फार लिहीत नाही. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक ओझे कोणी घेऊ नये. मुलांनी त्याहून कमी. जेवणाला फाराता, बटाट्याची भाजी आणि माशाची व्हिंदाय. हळद-मोहरीच्या त्या मसाल्यात मासा दुसऱ्या दिवशी अधिकच चवदार लागतो आणि शेगडी पेटवायची गरज पडत नाही. खाद्याच्या पिशव्या आवळून बांधाव्यात, पहाटे माकडे येतात. रिकामे डबे, साली, सारे परत आणावे. डब्यात साचलेले वाटीभर पाणी डासांना पुरते.

त्या रात्रीनंतर काकींनी काही आरडाओरडा केला नाही. घरी आल्यावर त्यांनी एवढेच म्हटले, की आता कोणी व्हाळावर गेले तर त्या जेवणार नाहीत. २०२३ चा उन्हाळा घरात गेला, २०२४ चाही. थोरला पुतण्या मध्यंतरी शिकायला इंग्लंडला गेला. गेल्या गौरीगणपतीला, विसर्जनाच्या वेळी, त्याच नदीच्या मुखाशी आम्ही सारे उभे होतो. पुतण्या तिकडून फोनवर पाहत होता. मूर्ती पाण्यात गेली आणि तो म्हणाला, “काकी, डिसेंबरात मी येतोय. एक रात्र जाऊ या. तुम्ही दाखवाल तिथेच झोळी बांधीन.”

काकींनी उत्तर दिले नाही. पण दुसऱ्या आठवड्यात त्या काकांना घेऊन भर दुपारी त्या जागी जाऊन आल्या. बरोबर जुन्या लुगड्याच्या काठाच्या चिंध्या नेल्या होत्या. पुराचा पाला जेथवर अडकलेला दिसला तेथे त्यांनी एक चिंधी बांधली, मग वर चढून आंब्याला दुसरी. या दोहोंच्या मध्ये कोणी निजायचे नाही, असे ठरले आहे.

मालकांना फोन झाला आहे. अकरा माणसे होतात, मोठे आंबे चारच आहेत, म्हणून दोन मुलांना एका झोळीत निजावे लागेल. कोणी, यावरून सध्या घरात भांडण चालू आहे. काकींसाठी नवी झोळी आणली होती ती त्यांनी परत करायला लावली. त्या दोन जुन्या साड्या जोडून स्वतःच शिवीत आहेत, दुहेरी शिवण घालून, आणि काल काकांना त्यांनी त्या अंगणातल्या आंब्याला बांधून तीन वेळा डोळे मिटून सोडायला लावले. तिसऱ्या वेळेस ती सुटली.